बाथरूम नव्याने करताना आधी पाण्याची वाट ठरवा

बाथरूम नवीन करायचं ठरलं की बहुतेक घरांत पहिला रविवार टाइल्सच्या दुकानात जातो. माझी कळकळीची विनंती आहे, तो रविवार इमारतीच्या मागच्या डक्टसमोर, म्हणजे पाइप खाली नेणाऱ्या उभ्या मोकळ्या जागेसमोर घालवा. आपल्या बाथरूममधून कोणता पाइप कुठून बाहेर पडतो, तो कशाला जोडलाय, किती जाड आहे, हे खाली उभं राहून बघा आणि मोबाइलवर फोटो काढा. नवीन बाथरूममध्ये काय कुठे बसणार, हे निम्म्याहून अधिक या पाइपांनीच ठरवलेलं असतं.

हे मी आई-बाबांच्या डोंबिवलीच्या घरात शिकले. नव्वदच्या दशकातली चार मजली इमारत, तिसरा मजला. ४ बाय ६ फुटांचं न्हाणीघर आणि त्याला लागून ३ बाय ४ चा संडास. पहिल्यांदा काम काढलं तेव्हा गणपती तोंडावर आले होते. कंत्राटदार म्हणाला, गळती तपासायला पाणी भरून ठेवायची गरज नाही, माल चांगला आहे. आम्ही मान्य केलं. सात महिन्यांनी खालच्या काकू वर आल्या आणि म्हणाल्या, "अगं, जरा खाली येऊन बघतेस का?" त्यांच्या देवघरावरच्या छताला पिवळा डाग पडला होता, आणि त्याच्या मधोमध पाण्याचा एक थेंब लोंबत होता. सगळं पुन्हा फोडावं लागलं. खाली लिहिलंय ते त्या दुसऱ्या खेपेला आणि नंतर भावाच्या, मावशीच्या घरी कामं करून घेताना पक्कं झालेलं आहे.

आधी मोजा, मग स्वप्न बघा

एक चौकटीचा कागद घ्या. एक चौकोन म्हणजे ३ इंच धरा. भिंतींची लांबी वर, मध्ये आणि खाली अशी तिन्ही ठिकाणी मोजा, कारण जुन्या भिंती क्वचितच काटकोनात असतात. दार, खिडकी, बीम, नहाणी ट्रॅप (फरशीवरचं पाणी जातं ते जाळीखालचं भांडं), कमोडचा पाइप, पाण्याची लाइन आत येते ती जागा, गीझरचा प्लग, सगळं कागदावर घ्या. बाहेरच्या खोलीची फरशी आणि बाथरूमची फरशी यांत किती फरक आहे, तेही लिहा. पुढच्या हिशोबात हा आकडा सर्वांत जास्त लागतो.

मग स्लॅबचा प्रकार शोधा. काही इमारतींत बाथरूमचा स्लॅब बाकी घराच्या स्लॅबपेक्षा खाली धरलेला असतो. त्या खड्ड्यात पाइप टाकून वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात. हा झाला संकन स्लॅब. काही जुन्या इमारतींत खड्डा नसतो, आणि आपला ट्रॅप आणि पाइप खालच्यांच्या बाथरूमच्या छताला लटकत असतात. खालच्या घरी जाऊन वर पाहिलं की एका मिनिटात कळतं. पाइप खाली लटकत असतील, तर शेजाऱ्यांच्या संमतीशिवाय ट्रॅपची जागा बदलण्याचा विचारही करू नका. आणि बाथरूम वाढवून खालच्यांच्या स्वयंपाकघरावर किंवा झोपायच्या खोलीवर नेण्याचा तर अजिबातच नाही.

याच टप्प्यावर सोसायटीला अर्ज द्या. आराखड्याची प्रत जोडा आणि लेखी परवानगी घ्या. राडारोडा कुठे ठेवायचा, कोण उचलणार, कोणत्या वेळेत फोडकाम करायचं, हे आधीच ठरलं की जिन्यातले वाद टळतात. मधली भिंत पाडायची असेल, तर ती नुसती आडोशाची आहे की भार घेणारी, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच विचारा. गवंड्याच्या "काही होत नाही"वर भिंत पाडू नका.

कमोड हलवायचा का?

शक्यतो नको. का नको, ते आकड्यांत सांगते, म्हणजे आपल्या घरापुरता निर्णय आपल्याला घेता येईल.

कमोडचा पाइप ४ इंची असतो, बाहेरून ११० मिलिमीटर. त्याला दर ४ फुटांना साधारण एक इंच उतार हवा. उतार कमी पडला तर मैला रेंगाळतो. समजा आपण कमोड डक्टपासून ५ फूट लांब नेला. मग उताराला सव्वा इंच लागला. पाइपाच्या खाली वॉटरप्रूफिंग आणि बेड मिळून एक इंच. पाइपाच्या वर कोबा, मसाला आणि टाइल मिळून किमान तीन इंच. पाइपाचे सव्वाचार धरून बेरीज केली तर साडेनऊ इंच होतात. संकन ८ इंचांचंच असेल, तर बाथरूमची फरशी दीड इंच वर येणार. मग पाणी बाहेर येऊ नये म्हणून दाराला उंबरठा करावा लागणार. घरात गुडघे दुखणारं माणूस असेल, तर रात्री दोन वाजता त्याचा पाय नेमका त्या उंबरठ्यालाच अडखळणार.

कमोड आहे त्याच जागी फूटभर सरकवणं किंवा त्याची दिशा फिरवणं बहुतेक वेळा जमतं. भिंत बदलायची असेल, तर आधी वरची बेरीज करा.

जुन्या इमारतींत डक्टमध्ये दोन वेगळे उभे पाइप असतात, एक संडासाचा आणि एक नहाणीच्या सांडपाण्याचा. खाली त्यांच्या वाटा वेगळ्या असतात. जवळ पडतो म्हणून नहाणीचा पाइप संडासाच्या पाइपात घालणारे प्लंबर मी पाहिलेत. तसं करू देऊ नका. घरभर वास सुटतो, आणि खाली पाइप तुंबला की घाण पाणी आपल्याच नहाणीतून वर येतं.

संडास-बाथरूम एकत्र की वेगळं?

मधली भिंत काढली की ४ बाय ६ आणि ३ बाय ४ ची मिळून ऐसपैस जागा होते, हा मोह मोठा आहे. पण घरात पाच माणसं असतील, सकाळी सातला शाळा आणि साडेसातची लोकल असेल, तर वेगळा संडास हे जुन्या घराचं मोठं सुख आहे. आमच्या घरी आम्ही भिंत ठेवली, फक्त बेसिन बाहेर पॅसेजमध्ये काढलं. एकाच वेळी तीन माणसांची कामं होऊ लागली. घरात दुसरं बाथरूम असेल किंवा व्हीलचेअर, वॉकर आत न्यायचा असेल, तर मात्र जरूर एकत्र करा.

मांडणी करताना ओलं आणि कोरडं वेगळं ठेवा. दारातून आत आल्यावर आधी बेसिन, मग कमोड, आणि शेवटी, खिडकीच्या बाजूला, आंघोळीची जागा. कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत किमान १५ इंच आणि समोर किमान २१ ते २४ इंच मोकळी जागा हवी. कागदी पुठ्ठा कमोडच्या आकारात कापून जमिनीवर ठेवा आणि घरातल्या सर्वांत उंच माणसाला खुर्चीवर बसवून बघा.

आंघोळ शॉवरने की बादलीने, हे खरं खरं ठरवा. आपल्याकडे शॉवर लावूनही निम्मं घर बादलीनेच आंघोळ करतं. बादली, तांब्या आणि बसायला स्टूल यांना अडीच बाय अडीच फूट जागा लागते. काचेच्या केबिनमध्ये ती मिळत नाही. ज्येष्ठांसाठी बसून आंघोळीची सोय आणि भिंतीला पक्का धरायचा दांडा आजच आराखड्यात घ्या. दांडा फरशीपासून ३३ ते ३६ इंचांवर बसतो आणि त्याच्यामागे भरीव भिंत लागते. सिपोरेक्सच्या (हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या) भिंतीत साधा स्क्रू माणसाचा भार पेलत नाही.

दार बाहेर उघडणारं करता आलं तर करा. आत कोणी पडलं आणि दार आत उघडणारं असेल, तर पडलेल्या माणसामुळेच ते उघडत नाही.

पाणी आत येताना

जुनी जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) लाइन असेल तर ती पूर्ण काढा. आतून गंजून पाऊण इंची पाइपात पेन्सिलीएवढं भोक उरलेलं मी पाहिलंय. त्या पाइपाला नवा शॉवर जोडून काहीच उपयोग नाही. गरम-थंड दोन्हीसाठी सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लॅस्टिक पाइप) चालतो. मुख्य लाइन पाऊण इंची, तिथून प्रत्येक नळाला अर्धा इंची. नळ जिथे बसतो तिथे पितळी आट्यांचंच फिटिंग घ्या. प्लॅस्टिकच्या आट्या नळ बदलताना भिंतीतच तडकतात. संपूर्ण बाथरूमचं पाणी बंद करणारा एक कॉक हाताला येईल अशा जागी लावा.

दाबाचा विचार मात्र आधी करा. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे साधारण एक बार दाब. गच्चीतली टाकी सर्वांत वरच्या मजल्याच्या शॉवरपासून जेमतेम ३ मीटर वर असेल, तर तिथे मिळतो फक्त ०.३ बार. दुकानात पाऊस पाडणारा मोठा शॉवर त्याला पुरत नाही. त्यातून पाणी टपटपतं. वरच्या मजल्यावर असाल, तर साधा छोटा शॉवर घ्या किंवा टाकीतून येणाऱ्या लाइनवर प्रेशर पंप बसवा. पंप गरम आणि थंड दोन्ही लाइनींच्या आधी हवा. फक्त थंड पाण्याला पंप लावला, तर मिक्सरमधून थंड पाणी गरमच्या लाइनीत घुसतं. सोलर वॉटर हीटर असेल, तर गरमच्या लाइनीला पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावून घ्या.

सोलरवरून आठवलं. पाऊण इंची सीपीव्हीसीत दर मीटरला सुमारे पाव लिटर पाणी मावतं. गच्चीवरून १५ मीटर पाइप येत असेल, तर गरम पाणी हाती यायच्या आधी जवळजवळ चार लिटर थंड पाणी सोडावं लागतं. ते बादलीत धरता यावं म्हणून आंघोळीच्या जागी शॉवरबरोबर एक साधी तोटी ठेवाच. गीझर असेल, तर तो शॉवरच्या शक्य तितका जवळ, पण थेट डोक्यावर नको. २५ लिटरचा गीझर पाण्यासकट ३५ किलोच्या आसपास भरतो. चार इंची पोकळ विटेच्या भिंतीवर तो टांगण्याआधी भिंत तपासा. दोन किलोवॅटच्या गीझरला १६ अँपिअरचा प्लग, बाहेर डीपी स्विच (दोन्ही तारा एकदम तोडणारा) आणि घराच्या मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा) हवाच. यात काटकसर करू नका.

उंचीची मापं

सगळ्या उंची तयार फरशीपासून मोजायच्या असतात, आणि काम सुरू असताना ती फरशी अजून अस्तित्वातच नसते. गोंधळ इथेच होतो. म्हणून गवंड्याकडून लेव्हल पाइपाने चारही भिंतींवर एकच आडवी रेघ मारून घ्या, तयार फरशीपासून बरोबर ३ फुटांवर. गेरूची किंवा दोरीची रेघ चालेल. मग प्लंबरला सांगायचं, "रेघेच्या वर चार इंच, रेघेच्या खाली बारा इंच."

- बादलीची तोटी: २ फूट. २० लिटरची बादली खाली आरामात सरकते.
- शॉवरचा मिक्सर: साडेतीन फूट. वरचा शॉवर: पावणेसात ते सात फूट.
- बेसिनची वरची कड: ३२ ते ३३ इंच. अँगल कॉक (बेसिनखालचा छोटा कॉक): २२ ते २४ इंच.
- जेट स्प्रे: कमोडवर बसल्यावर उजव्या हाताला. घरात कोणी डावखुरं असेल तर आधी विचारा.
- गरम पाणी डावीकडे, थंड उजवीकडे, समोर उभं राहून पाहताना.

एक गोष्ट जपा. कमोड, डायव्हर्टर (पाणी शॉवरकडे किंवा तोटीकडे वळवणारा भिंतीतला मिक्सर) आणि बेसिन पाइप टाकण्याआधी घरात आलेले असू द्या. एस ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीतून खाली सोडणाऱ्या, कमोडचा पाइप भिंतीपासून ९ किंवा १२ इंचांवर असा ठरलेला असतो, आणि तो तयार टाइलपासून मोजायचा. गिलावा आणि टाइल मिळून इंचभर जागा खातात. उघड्या विटेपासून ९ इंच मोजलेला कमोड नंतर भिंतीत घुसायला बघतो. डायव्हर्टरच्या भिंतीतल्या भागावर किती खोल बसवायचं त्याच्या दोन खुणा असतात. तयार टाइल त्या दोन खुणांच्या मध्ये आली पाहिजे. प्लंबर आणि टाइलवाला दोघांना त्या खुणा हाताने दाखवा.

झिरी, म्हणजे पाइपासाठी भिंतीत पाडायची खाच, कटरनेच मारायची, छिन्नी-हातोड्याने नाही. भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल जायचं नाही. बीम-कॉलमला तर हात लावायचाच नाही. चार इंची भिंतीत लांबलचक आडवी झिरी मारली, तर भिंत मध्येच कमकुवत होते. पाइप वरून आडवा आणून खाली उभ्या झिऱ्या घेणं बरं.

नहाणी आणि उतार

नहाणी ट्रॅपचं तोंड आंघोळीच्या जागीच असावं, दाराजवळ नाही. ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी कायम साठून राहतं, आणि तेच वास आणि झुरळं अडवतं. मे महिन्यात महिनाभर गावाला गेलात की ते सुकतं. आल्या आल्या घरभर वास येतो तो त्यामुळे. एक बादली पाणी ओतलं की थांबतो. बेसिनचं पाणी याच ट्रॅपमध्ये बाजूच्या तोंडातून सोडलं, तर ट्रॅप सहसा सुकत नाही. बाहेर जाणारा पाइप ३ इंची ठेवा.

फरशीला सहा फुटांना एक इंच, म्हणजे आठ सूत उतार पुरतो. त्याहून कमी असेल तर पाणी थांबतं, आणि फार जास्त असेल तर ओल्या पायांना घसरगुंडी होते. जमिनीसाठी १२ बाय १२ ची खरखरीत टाइल घ्या. दोन बाय चारची मोठी टाइल चारी बाजूंनी उतार घेऊ शकत नाही. ती तिरकी कापावी लागते आणि सांधे वाकडे दिसतात. भिंतीला मोठी टाइल खुशाल लावा.

वॉटरप्रूफिंग: इथे घाई नको

जुनी फरशी, कोबा, सगळं स्लॅबपर्यंत काढा. जुन्या टाइलवर नवी टाइल चिकटवून गळती थांबत नाही, ती फक्त झाकली जाते. स्लॅब तारेच्या ब्रशने घासून धुवा. पाइप जिथे भिंत भेदून जातात, त्या भोवतालच्या फटी नॉन-श्रिंक (वाळल्यावर न आकसणाऱ्या) ग्राउटने भरा. गळतीची पहिली वाट बहुतेक वेळा हीच असते. भिंत आणि जमीन जुळते त्या कोपऱ्यात सिमेंटचा गोल वाटा, म्हणजे कोपरा गोलसर करणारी पट्टी, करून घ्या. मग सिमेंट-पॉलिमरचे दोन हात, पहिला आडवा आणि तो वाळल्यावर दुसरा उभा. भिंतीवर किमान फूटभर, आणि शॉवरच्या भिंतीवर छातीच्या वरपर्यंत न्या. दाराच्या उंबऱ्याखालीही लेप गेला पाहिजे, नाहीतर ओल पॅसेजमधल्या भिंतीला धरते.

आता बाहेर जाणारी भोकं बंद करा आणि खड्ड्यात पाणी भरा. पाण्याच्या कडेला भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारा, तारीख आणि वेळ लिहा. ४८ तास, जमल्यास ७२ तास तसंच ठेवा. रोज सकाळी जाऊन रेघ बघा. बाजूला एका घमेल्यातही पाणी भरून तशीच रेघ मारा. घमेल्यातलं जितकं उतरेल तितकं हवेत उडालं. खड्ड्यातलं त्याहून जास्त उतरलं, तर कुठेतरी वाट आहे. रोज संध्याकाळी खालच्यांच्या छताला हात लावून या.

ही परीक्षा पास झाल्यावरच पाइप आणि कोबा. संकनच्या तळाशी डक्टमध्ये उघडणारा एक छोटा पाइप ठेवायला सांगा. पुढे कधी कोब्यात पाणी मुरलंच, तर ते खाली झिरपण्याऐवजी बाहेर ठिपकेल आणि आपल्याला कळेल. कोब्यावर पुन्हा एक लेप आणि पुन्हा एकदा पाणी भरायचं. गवंडी कुरकुर करेल. करू द्या.

पाण्याच्या पाइपांची वेगळी चाचणी असते. सगळी तोंडं प्लगने बंद करून हातपंपाने ६-७ किलोचा (साधारण ६-७ बार) दाब द्यायचा आणि तासभर काटा बघायचा. काटा हलला तर सांधा गळतोय. सीपीव्हीसीचे सांधे चिकटवल्यावर एक दिवस जाऊ द्या, मगच दाब द्या.

झिऱ्या बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, आणि प्रत्येक फोटोत मापाची टेप उघडून धरा, एकदा आडवी, एकदा उभी. तीन वर्षांनी आरसा टांगायला ड्रिल लावाल तेव्हा हाच फोटो लागतो. भावाच्या घरी टॉवेलचा दांडा लावताना पाइप फुटायचा वाचला, तो अशाच एका फोटोमुळे.

टाइल लागल्यावर

कारागिरांचे शेवटचे पैसे देण्याआधी एक बादली पाणी दाराजवळ ओता आणि घड्याळ लावून बसा. पाणी कोणत्या टाइलवर थांबतं ते बघा. आमच्याकडे दुसऱ्या खेपेलाही जाळीशी तळहाताएवढं तळं राहिलं. जाळी टाइलपेक्षा चार सूत वर बसली होती. टाइलवाल्याने त्याच दिवशी चार टाइल्स उचलून जाळी खाली घेतली, तेव्हा मसाला ओला होता म्हणून ते जमलं. सगळे नळ एकदम सोडून बघा, फ्लश ओढून शॉवरचा दाब किती पडतो ते बघा, बेसिन तुडुंब भरून सोडा आणि नहाणीतून गुडगुड येते का ते ऐका. जमिनीचे सांधे इपॉक्सी ग्राउटने भरून घ्या. साधा सिमेंट ग्राउट काही महिन्यांत काळा पडतो.

फोटो, आराखडा, सोसायटीची परवानगी आणि नळांची बिलं एका फाइलमध्ये सोसायटीच्या कागदांसोबत ठेवा. आठव्या दिवशी, महिन्याने आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर खालच्या घरी जाऊन छत बघा. आम्ही तिसऱ्यांदा खाली गेलो तेव्हा काकूंनी देवघरावरच्या छताला नवा पांढरा रंग दिला होता. स्टूलवर चढून मी कोपरे तळहाताने चाचपले. सगळं कोरडं होतं.